वाचकांचे प्रश्न: दगडावरचं साल आणि घराचं वय

या अंकासाठी आलेले प्रश्न आग्नेय पेनसिल्व्हेनियातल्या, अठराव्या शतकात क्वेकर (साधेपणा आणि शांतता मानणाऱ्या, ‘फ्रेंड्स’ म्हणवणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबांनी बांधलेल्या दगडी शेतघरांबद्दलचे आहेत. चेस्टर, बक्स, डेलावेअर, माँटगोमेरी या काउंट्यांमध्ये अशी घरं आजही राहती आहेत. घेणाऱ्याला पहिली उत्सुकता असते ती घराच्या वयाची, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: आमच्या घराच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीत आढ्याखाली एक कोरलेला दगड आहे. वर ‘टी’, त्याखाली ‘आय’ आणि ‘एम’, आणि खाली १७३८. विकणाऱ्यांनी ‘१७३८चं घर’ असंच सांगितलं. हे धरून चालावं का?

आधी अक्षरं लावून घेऊ. वरचं एकटं अक्षर आडनावाचं, खालचं डावीकडचं नवऱ्याचं आणि उजवीकडचं बायकोचं. त्या काळी कोरीव अक्षरांत ‘जे’ऐवजी सर्रास ‘आय’ घालत, त्यामुळे तुमचा ‘आय’ आयझॅक किंवा आयझाया असेल तसाच जॉन, जोसेफ किंवा जेम्सही असू शकेल. कागदपत्रं शोधताना दोन्ही अक्षरांखाली बघा. आयझॅक सापडत नाही म्हणून शोध सोडून दिला आणि जोसेफ त्याच पानावर होता, असं फार होतं.

आता साल. दगड एवढंच सांगतो की १७३८ या सालाचं त्या जोडप्याला काही महत्त्व होतं. ते साल मूळ घराचं असेल, वाढवलेल्या खोल्यांचं असेल, किंवा पाडलेल्या जुन्या घरातला दगड नव्या भिंतीत बसवलेला असेल. फिलाडेल्फियात स्कुलकिल नदीच्या पश्चिम काठावरचं जॉन बार्ट्रम यांचं घर बघा. या क्वेकर शेतकरी-वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२८ साली तिथे १०२ एकर शेत घेतलं. घरावरच्या एका दगडात ‘देव रक्षण करो’ अशा अर्थाचे ग्रीक शब्द आहेत, त्याखाली जॉन आणि ॲन बार्ट्रम ही नावं आणि १७३१. दुसऱ्या दगडावर, खिडकीच्या वर, एकाच सर्वशक्तिमान देवाची आराधना करणारी कविता आणि १७७०. मधल्या काळात घर वाढलं, आणि १७५८ साली बार्ट्रम यांना धर्ममतांवरून त्यांच्या मीटिंगने, म्हणजे स्थानिक क्वेकर सभेने, सभासदत्वातून काढलंही. दोन्ही साल खरी आहेत. त्यातला एकच दगड टिकला असता, तर आपण अर्ध्या घराचं वय चुकवलं असतं.

तेव्हा दगडापासून चार पावलं मागे या आणि भिंत वाचा. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन भिंतीला घासून जात असताना बघितलं तर उंचसखलपणा स्पष्ट दिसतो. कोपऱ्यात मोठे घडीव दगड एकआड एक आडवे-उभे रचलेले असतात. तसे दगड कोपऱ्याऐवजी दर्शनी भिंतीच्या मध्येच एका उभ्या रेघेत दिसले, तर तो जुन्या घराचा कोपरा आहे आणि पलीकडची भिंत नंतर येऊन टेकली आहे. हे कोनाचे दगड ज्या बाजूच्या बांधकामात गुंफलेले आहेत ती बाजू जुनी. मग बघा, तुमचा सालाचा दगड रेघेच्या कुठल्या बाजूला येतो. दोन मजल्यांच्या मध्ये भिंतीतून बाहेर येणाऱ्या लाकडांची कापलेली टोकं ओळीने दिसली, तर तिथे पूर्वी अरुंद पाखी होती. दाराखिडक्यांवर पाऊस येऊ नये म्हणून ती लावत आणि पुढच्या पिढ्या ‘जुनाट दिसते’ म्हणून काढून टाकत. दगडाच्या आजूबाजूचा चुनाही निरखा. बाकी भिंतीत पिवळट मऊ चुना आणि या एका दगडाभोवती करडं, टणक सिमेंट असेल, तर दगड नंतर बसवलेला किंवा निदान हलवलेला आहे.

आत गेल्यावर खिळे आणि करवतीच्या खुणा. हाताने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचे चार-पाच पैलू असतात. १७९०च्या दशकापासून यंत्राने पत्र्यातून कापलेले खिळे आले. ते दोनच बाजूंनी निमुळते असतात. गोल तारेचा खिळा सर्रास झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. फळीवर सरळ, एकमेकींना समांतर खुणा असतील तर वरखाली चालणारी करवत. कमानीसारख्या वळलेल्या असतील तर चक्राकार करवत, म्हणजे एकोणिसावं शतक. मात्र हे पुरावे बैठकीच्या खोलीत शोधू नका, ती प्रत्येक मालकाने बदललेली असते. माळ्यावरचे वासे, जिन्याखालची अडगळ, कपाटाच्या आतली बाजू अशा दुर्लक्षित जागा बघा.

खात्रीने साल हवं असेल तर लाकडाच्या वाढवलयांची तपासणी करून घ्यावी. तुळयांतून पेन्सिलीएवढ्या जाडीचे नमुने पोखरून काढतात आणि वलयांची रुंदी त्या भागातल्या ज्ञात क्रमाशी जुळवतात. एका नमुन्यावर निकाल देत नाहीत, आठ-दहा लागतात. त्यातल्या काहींवर सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असावंच लागतं, नाहीतर ‘या सालानंतर कधीतरी’ एवढंच उत्तर मिळतं. ओक ओला असतानाच तासायला सोपा, म्हणून झाड पाडल्यापासून वर्षा-दोन वर्षांत घर उभं राहिलं असं धरता येतं. मात्र तुळईवर कशाशीच न जुळणाऱ्या रिकाम्या खाचा दिसल्या तर ती दुसऱ्या इमारतीतून आणलेली आहे. तिचा नमुना घेऊ नका.

प्रश्न: मीटिंगच्या नोंदीत याच जोडप्याचं लग्न ‘२रा महिना, १७३८’ असं सापडलं. एका छापील वंशावळीत त्यांच्या थोरल्या मुलाचा जन्म मात्र जानेवारी १७३८ दिला आहे. लग्नाच्या महिनाभर आधी? क्वेकरांमध्ये?

कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याआधी कॅलेंडर बघूया. क्वेकर मंडळी महिन्यांची आणि वारांची रूढ नावं वापरत नसत, कारण ती मूर्तिपूजकांच्या देवांवरून आलेली. त्याऐवजी नुसते आकडे. आणि १७५२पर्यंत इंग्लंड व तिच्या वसाहतींमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे पहिला महिना म्हणजे मार्च. तुमचा ‘२रा महिना’ फेब्रुवारी नाही, एप्रिल आहे. ‘११वा महिना १७३८’ म्हणजे आपल्या हिशेबाने जानेवारी १७३९. वंशावळ करणाऱ्याने महिन्याचं नाव बरोबर लिहिलं, साल मात्र तसंच ठेवलं. एप्रिल ते पुढचा जानेवारी मोजा, नऊ महिने होतात.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. १७५१च्या अखेरपर्यंतच्या क्वेकर तारखेत महिन्याच्या आकड्यात दोन मिळवा. बेरीज १३ किंवा १४ आली तर बारा वजा करा आणि साल एकाने पुढे न्या. पहिल्या महिन्याच्या १ ते २४ तारखांना साल कुठलं धरायचं हा घोळ असतो, म्हणून जाणकार लेखनिक ‘१७३८/९’ असं जोडसाल लिहीत. १७५२पासून पहिला महिना जानेवारी झाला. त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. डॅनियल बून यांचा जन्म बर्क्स काउंटीत क्वेकर कुटुंबात झाला, जुन्या पद्धतीने २२ ऑक्टोबर १७३४. नव्या पद्धतीने ती तारीख २ नोव्हेंबर होते, पण गृहस्थ आयुष्यभर ऑक्टोबरलाच धरून राहिले. त्या शेतावर आज दगडी घर दिसतं, पण ते ज्या लाकडी ओंडक्यांच्या घरात जन्मले त्याचा फक्त पायाच त्या घराखाली उरला आहे. पहिल्या प्रश्नाशी त्याचाही संबंध आहेच: शेत जुनं म्हणून घर तेवढंच जुनं, असं नसतं.

मीटिंगच्या नोंदींचा घरासाठी खरा उपयोग लग्नापेक्षा स्थलांतरात आहे. कुटुंब दुसऱ्या गावी जाताना आपल्या मासिक सभेकडून दाखला नेई आणि नव्या सभेत तो वाचून दाखवला जाई. दोन्हीकडच्या इतिवृत्तात नोंद होते, म्हणजे जोडपं तुमच्या टाउनशिपमध्ये (काउंटीच्या लहान विभागात) कुठल्या महिन्यात आलं ते कळतं. पुरुषांची आणि स्त्रियांची इतिवृत्तं वेगळी असत. बायकोचा दाखला दुसऱ्या वहीत मिळेल. मूळ वह्या आणि त्यांच्या प्रती मुख्यतः स्वार्थमोर कॉलेजच्या फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररीत आणि हॅवरफर्ड कॉलेजच्या क्वेकर संग्रहात आहेत. १८२७ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकरांत हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स अशी फूट पडली. त्यानंतरच्या काळासाठी दोन्ही गटांच्या वह्या चाळाव्या लागतात, कारण एकाच गावात एकाच नावाच्या दोन सभा भरत होत्या.

प्रश्न: आजच्या खरेदीखतापासून थेट वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांच्यापर्यंत मालकीची साखळी लावायची आहे. क्रम काय ठेवावा?

नेहमी आजपासून मागे. पुढून यायला लागलात तर वाटण्यांच्या फाट्यांत हरवाल.

तुमच्या खरेदीखतात ‘हीच ती मिळकत, जी अमक्याने तमक्या दिवशी मला दिली’ अशा अर्थाचं कलम आणि पुस्तक-पानाचा क्रमांक असतो. काउंटीच्या रेकॉर्डर ऑफ डीड्सच्या कार्यालयात ते पान काढायचं, त्यातलं मागचं कलम वाचायचं, आणि असंच मागे जायचं. साखळी तुटते ती बहुधा १८५०च्या मागे, आणि दोन कारणांनी. पहिलं, बापाकडून मुलाकडे शेत मृत्युपत्राने जाई, तिथे खरेदीखतच नसतं. मग रजिस्टर ऑफ विल्सकडे वळायचं. दुसरं, खत नोंदवायची घाई कुणाला नसे. कागद घरातल्या पेटीत राही आणि भांडण किंवा विक्री निघाली की तीस-चाळीस वर्षांनी नोंदला जाई. म्हणून सूची चाळताना व्यवहाराच्या सालानंतरची पाच-सहा दशकंही बघा.

काउंट्यांच्या हद्दी बदलल्या हे विसरू नका. पेनने १६८२ साली फिलाडेल्फिया, बक्स आणि चेस्टर या तीन काउंट्या केल्या. माँटगोमेरी १७८४ साली फिलाडेल्फियातून निघाली, डेलावेअर १७८९ साली चेस्टरमधून. तुमचं घर आज डेलावेअर काउंटीत असलं तरी १७८९च्या आधीचे कागद वेस्ट चेस्टरला चेस्टर काउंटी आर्काइव्हजमध्ये मिळतील, डेलावेअर काउंटीचं ठाणं असलेल्या मीडिया या गावी नाही.

शेवटची कडी हॅरिसबर्गला, राज्य अभिलेखागारातल्या लँड ऑफिसच्या दफ्तरात. तिथे तीन कागद असतात: वॉरंट म्हणजे मोजणीचा हुकूम, सर्व्हे म्हणजे मोजणी आणि नकाशा, आणि पेटंट म्हणजे पहिली मालकी. राजा दुसरा चार्ल्स याने ४ मार्च १६८१ला पेनला सनद दिली, ती पेनच्या वडिलांचं सोळा हजार पौंडांचं येणं फेडण्यासाठी. पहिल्या खरेदीदारांना ५,००० एकर १०० पौंडांना मिळत आणि वर दर शंभर एकरांना वर्षाला एक शिलिंग क्विटरेंट, म्हणजे जमिनीचा ठरावीक सारा. पुष्कळांनी हे इंग्लंडमध्ये किंवा वेल्समध्ये बसूनच घेतलं, तुकडे करून विकलं आणि कधी इकडे आलेच नाहीत. तेव्हा साखळीतला पहिला माणूस घर बांधणारा असेलच असं नाही.

चतुःसीमा वाचताना माप ‘पर्च’ असतं, म्हणजे साडेसोळा फूट. चार पर्चची एक साखळी, ६६ फूट. १६० चौरस पर्चचा एक एकर. म्हणजे १६० बाय १०० पर्चचा तुकडा बरोबर शंभर एकर. मोजणीत रस्त्यांसाठी शेकडा सहा एकरांची सूट धरत, त्यामुळे कागदावरचं आणि जागेवरचं क्षेत्र जुळत नसेल तर आधी ही सहा टक्क्यांची तफावत आहे का ते बघा. कोपरे ‘काळ्या ओकपासून हिकरीपर्यंत’ असे दिलेले असतात. झाडं गेली, पण रेषांची लांबी आणि दिशा टिकते. सगळे तुकडे एकाच प्रमाणात कागदावर काढून, कापून, शेजाऱ्यांच्या तुकड्यांशी जोडून बघा. एखादी रेघ आजच्या रस्त्याशी किंवा ओढ्याशी जुळली की बाकीचं भराभर बसतं.

एवढं करूनही ही सगळी साखळी जमिनीची झाली, घराची नाही. खरेदीखतात ‘सर्व घरे, गोठे, कोठारे, बागा यांसह’ हे वाक्य वकिली ठशाचं असतं, मोकळ्या रानालाही लावत. घरासाठी दोन कागद खास. एक, मृत माणसाच्या मालमत्तेची यादी. शेजारचे दोघे घरभर फिरून वस्तूंच्या किमती लिहीत आणि पुष्कळदा खोलीची नावंही: पार्लर, किचन, पार्लरवरची खोली. ते ज्या क्रमाने फिरले त्या क्रमाने तुम्हीही आज घरातून चालून बघा. मृत्युपत्रात विधवेसाठी ठेवलेले हक्क तर याहून बोलके असतात: पूर्वेकडची खोली, भट्टीत पाव भाजायची मुभा, विहिरीपर्यंतची वाट, दाराशी आणून टाकलेलं सरपण. नकाशाच झाला तो.

दुसरा कागद १७९८चा संघीय प्रत्यक्ष कर. वीस लाख डॉलर उभे करायला काँग्रेसने घरं, जमीन आणि गुलाम यांवर हा कर बसवला. शंभर डॉलरांपेक्षा जास्त किमतीच्या घरांची वेगळी यादी झाली आणि तीत मालक, राहणारा, बांधकामाचं साहित्य, मजले, लांबीरुंदी, खिडक्या आणि त्यांची तावदानं लिहिली गेली. लोक चिडले ते तावदानं मोजण्यावरूनच. पुढच्या वर्षी इथेच जॉन फ्राइझ यांच्या नेतृत्वाखाली बंड झालं. पेनसिल्व्हेनियाच्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मायक्रोफिल्मवर बघता येतात. टेप घेऊन घराच्या बाहेरून माप घ्या. यादीत दगडी, दुमजली, ३० बाय २० असेल आणि आजचं घर ४८ बाय २० भरत असेल, तर अठरा फुटांची वाढ १७९८ नंतरची. मग भिंतीतली ती उभी रेघ बरोबर तिसाव्या फुटावर येते का ते बघा.

प्रश्न: खाली एक मोठी खोली आणि शेजारी दोन लहान, दोन्हींना कोपऱ्यात फायरप्लेस. याला ‘क्वेकर प्लॅन’ म्हणतात हे खरं का?

म्हणतात खरं, पण नाव नंतरच्या अभ्यासकांनी दिलेलं आहे. १६८४च्या सुमाराला पेनच्या नावाने नव्या वसाहतवाल्यांसाठी सूचना निघाल्या. त्यात तीस फूट लांब, अठरा फूट रुंद घर बांधा, साधारण मध्ये एक आडभिंत घाला आणि एका टोकाचे आणखी दोन भाग करा असं आहे. तुमचा नकाशा तोच. मात्र ते घर लाकडी होतं, आणि असेच नकाशे क्वेकर नसलेल्यांच्या घरांतही मिळतात. दोन कोपऱ्यांतल्या चुली पाठीला पाठ लावून एकच धुराडं वापरतात, म्हणजे दगड आणि मजुरी दोन्ही वाचतात; धर्मापेक्षा हे कारण आम्हाला पटतं. नकाशावरून मालकाचा पंथ ठरवू नये.

प्रश्न: घराण्यात असं सांगतात की ब्रँडीवाइनच्या लढाईच्या वेळी वॉशिंग्टन आमच्याकडे मुक्कामाला होते.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या, ११ सप्टेंबर १७७७च्या त्या लढाईत वॉशिंग्टन यांचं ठाणं चॅड्स फोर्डला बेंजामिन रिंग या क्वेकराच्या घरात होतं. शेजारचं गिडियन गिल्पिन यांचं घर त्यांच्या सैन्यातला फ्रेंच सेनानी लाफायेत याच्याशी जोडलं जातं. त्यातही गंमत अशी की रिंग यांचं घर १९३१ साली जळालं. आज दिसतं ते पुन्हा उभारलेलं आहे.

आजूबाजूच्या बाकीच्या घरांना सेनापतीपेक्षा लुटालूटच वाट्याला आली, आणि तिचे कागद आहेत. राज्याने १७८२ साली नुकसानीचे दावे मागवले. गिल्पिन यांच्या दाव्यात १० दुभत्या गाई, बैलजोडी, ४८ मेंढ्या, २८ डुकरं, १२ टन गवत, २३० बुशेल गहू आणि एक इतिहासाचं पुस्तकही आहे. तुमच्या पूर्वजाचं नाव चेस्टर काउंटीच्या दाव्यांत शोधा. नसेल तर मीटिंगच्या ‘सफरिंग्ज’च्या वह्यांत बघा, युद्धात भाग न घेतल्यामुळे सभासदांचं काय काय जप्त झालं ते तिथे लिहून ठेवत. वॉशिंग्टन नाही, पण घरातली गाय तरी सापडेल.

प्रश्न: तळघरात मोठी कमान आणि तिच्या आत खोल पोकळी आहे. पळून आलेल्या गुलामांना इथे लपवत असं शेजारी सांगतात.

ती कमान फायरप्लेसचं वजन पेलण्यासाठी आहे. वर स्वयंपाकाची भलीमोठी चूल. तिच्याखाली भरीव दगड रचण्यापेक्षा कमान घातली की दगड वाचतो आणि थंड पोकळी मिळते, तिथे कंदमुळं आणि पिंपं ठेवत. ‘भुयारं’ही बहुतेक वेळा झऱ्याचं पाणी बाहेर काढणारे दगडी नाले असतात. नाला असेल तर तळ उताराचा असतो आणि तोंड खालच्या बाजूला, ओढ्याकडे निघतं.

केनेट स्क्वेअर परिसरातल्या क्वेकरांनी अशी मदत केली हे मात्र पक्कं आहे. आयझॅक आणि डायना मेंडेनहॉल, जॉन आणि हॅना कॉक्स ही जोडपी त्यासाठी ओळखली जातात. त्यांच्याकडे लोक माळ्यावर, गोठ्यात, स्वयंपाकघरात असत आणि रात्री गाडीने पुढच्या घरी जात. गुप्त खोली लागतेच असं नाही.

हीच घरं त्याच्या शंभर वर्षं आधी वेगळी होती, हेही सांगायला हवं. ब्रिन मॉरचं हॅरिटन हाउस वेल्श क्वेकर रोलंड एलिस यांनी १७०४ साली बांधलं. १७१९ साली ते मेरीलँडच्या रिचर्ड हॅरिसन या क्वेकराने घेतलं आणि गुलामांकरवी तिथे तंबाखू पिकवला. जर्मनटाउनहून गुलामगिरीविरुद्ध अर्ज १६८८ सालीच गेला होता, पण गुलाम ठेवणाऱ्या सभासदांना काढून टाकायचा ठराव फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने केला तो १७७६ साली. पेनसिल्व्हेनियाने १ मार्च १७८०ला क्रमाक्रमाने मुक्तीचा कायदा केला: त्यानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल अठ्ठावीस वर्षं सेवा करून मुक्त, आणि आधीच्यांची नावं मालकांनी १ नोव्हेंबरपर्यंत नोंदवायची. तळघर तपासण्याआधी ती नोंदवही, जुन्या कर-याद्या आणि मालमत्तेच्या याद्या तपासा. त्या याद्यांत माणसं गाईगुरांच्या जवळच लिहिलेली असतात.

प्रश्न: दगडी भिंतीच्या दरजा मागच्या मालकांनी सिमेंटने भरल्या. आता आतला गिलावा फुगतो आहे आणि बाहेर दगडांचे पापुद्रे सुटत आहेत. पुन्हा सिमेंटच भरून घ्यावं का?

मुळीच नाही. रोग सिमेंटचाच आहे.

या भिंती साधारण दीड ते दोन फूट जाड असतात. बर्मिंगहॅम टाउनशिपमधल्या १७०४च्या ब्रिंटन हाउसची भिंत २२ इंच आहे. बाहेर आणि आत दगडांचा एकेक थर, मध्ये बारीक दगडांचा भराव, आणि तो बांधलेला चुन्यात किंवा नुसत्या चिकणमातीत. पाऊस भिंतीत थोडा शिरतोच, आणि दरजांतल्या मऊ चुन्यातून वाळून बाहेर पडतो. दरजा सिमेंटने बंद केल्या की ही वाट बुजते. पाणी बारीक भेगांतून आत जातं आणि बाहेर पडायला दगडाची किंवा आतल्या गिलाव्याची वाट शोधतं. इथला पुष्कळ दगड अभ्रकयुक्त शिस्ट. तो थराथराचा असल्यामुळे हिवाळ्यात आतलं पाणी गोठलं की थर उचकटतात. आतली माती भिजून खाली बसते आणि भिंतीला पोट सुटतं. जाता जाता: अमेरिकेत पोर्टलँड सिमेंट बनायला लागलं ते १८७०च्या दशकात, इथेच लेहाय व्हॅलीतल्या कोप्लेला. कुणी ते करडं सिमेंट दाखवून ‘मूळचं’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

भिंतीला हात लावण्याआधी पन्हळी, पावसाचे नळ आणि जमिनीचा उतार दुरुस्त करा. पाणी पायाशी साचत असेल तर वरचं सगळं काम फुकट. मग वळचणीखालून किंवा माळ्याच्या आतल्या बाजूने, जिथे पाऊस लागलेला नाही अशा ठिकाणचा अंगठ्याएवढा मूळ चुना काढा. वाटीभर पाण्यात टाकल्यावर विरघळून चिखल झाला तर ती माती. नाही झाला तर प्रयोगशाळेत किंवा जाणकार गवंड्याकडून पातळ आम्लात चुना विरघळवून उरलेली वाळू बघून घ्या. नवीन चुन्याचा रंग आणि पोत त्या वाळूवरून येतो, रंगद्रव्यावरून नाही.

सिमेंट काढायचं ते हातोडी-छिन्नीने. अनघड दगडांच्या दरजा वेड्यावाकड्या असतात. ग्राइंडर फिरवला की दगडाच्या कडा कायमच्या कापल्या जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या निदान अडीचपट हवी, म्हणजे अर्ध्या इंचाच्या दरजेला सव्वा इंच. आतला चुना भुसभुशीत असेल तर घट्ट थर लागेपर्यंत. एका वेळी तीन-चार फूट रुंदीचाच पट्टा उघडा. मातीतली भिंत एकदम मोकळी केली तर दगड हलतात.

मिश्रण: विझवून मुरवलेला चुना १ भाग, धारदार कणांची धुतलेली वाळू अडीच ते ३ भाग. सिमेंट नाही, ‘थोडंसं तरी’ही नाही. भिंत आदल्या दिवशी आणि काम सुरू करायच्या आधी भिजवा. दगड ओलसर हवा, वर पाणी चमकायला नको. पाव-पाव इंचाचे थर दाबून भरा, पुढचा थर आधीच्यावर अंगठ्याचा ठसा उमटेनासा झाला की. रुंद दरजेत दगडाच्या चिपा ठोका, नाहीतर चुना आकसून चिरतो. शेवटचा थर अर्धवट घट्ट झाल्यावर ताठ ब्रशने ठोकून घ्या, गुळगुळीत घोटू नका. घोटलेल्या पृष्ठावर चुन्याची साय येते आणि आत हवा जात नाही. नंतर ओलं गोणपाट लावून निदान तीन दिवस, शक्यतो आठवडाभर सावलीत ठेवा. तापमान ४० ते ९५ फॅरनहाइटच्या मध्ये हवं, आणि चुना हवेतूनच हळूहळू घट्ट होत असल्यामुळे गोठण तोंडावर आली असताना काम काढू नका. सप्टेंबरअखेर हात थांबवलेला बरा. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते आणि सिमेंट फोडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक. चष्मा, हातमोजे, योग्य मास्क, तिन्ही हवेत.

आतला गिलावा लगेच करू नका. एवढी जाड भिंत वाळायला एखादं पूर्ण वर्ष जातं. आणि वरून पारदर्शक ‘वॉटरप्रूफ’ द्रव्य मारायचा सल्ला मिळाला तर धन्यवाद म्हणून सोडून द्या.

एक उपप्रश्न बऱ्याचजणांचा असतो, बाहेरचा जुना चुन्याचा गिलावा काढून दगड उघडा करावा का. अनघड दगडांच्या अनेक भिंती मुळात गिलाव्यासाठीच रचलेल्या होत्या. उघड्या दगडाची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली. शाबूत गिलावा काढाल तर भिंतीचा अंगरखाच काढाल.

प्रश्न: घर नॅशनल रजिस्टरवर आहे. खिडक्या बदलायला परवानगी लागेल? करात काही सवलत?

१९६६च्या कायद्याने आलेलं नॅशनल रजिस्टर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंची संघीय यादी, खाजगी पैशाने स्वतःच्या घरात केलेल्या कामाला आडकाठी करत नाही. आडकाठी असेल तर ती टाउनशिपच्या ऐतिहासिक वास्तू नियमांची किंवा खरेदीखतात नोंदलेल्या जतन-कराराची, तेव्हा त्या दोन ठिकाणी विचारा. २० टक्के संघीय करसवलत फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतींना आहे. घरात स्वतः राहत असाल तर मिळणार नाही.